सिलेक्शन केलंय, मुंग्या फिरतायत, तरी काहीच होत नाय? मग या क्रमाने बघा

"दादा, ब्रश फिरवतोय पण रंगच उमटत नाय."

"डिलीट दाबलं की भलतीच खिडकी उघडते."

"स्क्रीनवर कटआउट एकदम कडक होतं, फ्लेक्सवर माणसाच्या भोवती पांढरी कड आली, पार्टी पैसे द्यायला तयार नाय."

"वँड मारला की भिंतीबरोबर साहेबांचा शर्टपण जातो."

"पिक्सेल पन्नास टक्के वगैरे काहीतरी लिहून येतं, मी ओके करतो, मग मुंग्याच गायब."

"फोटो हलवायला गेलो तर फोटो जागेवरच, नुसती तुटक रेघ हलते."

आणि सगळ्यांच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "काल चालत होतं हो, मी कशालाच हात लावला नाय."

हे सगळं फोटोशॉपमधल्या सिलेक्शनचं, म्हणजे फोटोचा जो भाग निवडला त्याचं, आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या तुटक रेघेलाच आम्ही मुंग्या म्हणतो. यातलं एक जरी तुमचं असेल तर पुढे वाचा. तालुक्याच्या गावाला माझं डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचं काम आहे, आणि लग्नसराईत, १४ एप्रिलच्या आधी, गणपतीच्या आधीच्या चार रात्री असे फोन मला शेजारच्या दुकानांतून, शिकून गेलेल्या पोरांकडून, पाहुण्यांकडून येत असतात. प्रत्येकाला वाटतं की आपल्याच मशीनला काहीतरी झालंय, आणि मशीनला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं.

क्रम मी मुद्दाम फुकट आणि दोन सेकंदांच्या गोष्टीपासून लावलाय. तो मोडू नका, कारण मी मोडलाय एकदा. एका दुकानात ब्रश चालत नव्हता म्हणून मी हिरोगिरी करत आधी प्रेफरन्सेस (सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग) उडवल्या, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, दीड-दोन तास गेले, आणि तीच फाइल परत उघडून काम सुरू केल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तोच प्रकार. तेव्हा नीट बघितलं तर मार्की टूलने (चौकोनी सिलेक्शनचं टूल) कोपऱ्यात चुकून क्लिक करताना माऊस जरासा घसरत होता आणि दोन-तीन पिक्सेलचं सिलेक्शन पडत होतं. त्या ठिपक्याएवढ्या जागेत ब्रश व्यवस्थित चालत होता बिचारा, बाहेर चालणार कसा. चहा त्यांनीच पाजला, पण तोंड माझं पडलं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. सिलेक्शन म्हणजे ती फिरणारी रेघ असं आपण धरून चालतो. खरं तर आत प्रोग्रॅम तुमच्या फोटोच्याच मापाचं एक काळं-करडं-पांढरं चित्र धरून बसलेला असतो, पांढरं म्हणजे पूर्ण निवडलं, काळं म्हणजे अजिबात नाही, आणि मधल्या करड्या छटा म्हणजे थोडंथोडं निवडलं. ८ बिटच्या फाइलीत अशा २५६ पायऱ्या असतात. आणि मुंग्या फिरतात त्या फक्त जिथे निवड ५० टक्के होते त्या सीमेवरून. म्हणजे ४० टक्के निवडलेला भाग मुंग्यांच्या बाहेर असतो तरी त्याच्यावर परिणाम होतो, आणि ६० टक्केवाला आत दिसतो पण पुरता निवडलेला नसतो. मुंग्या थापा मारत नाहीत, पण अर्धंच सांगतात. वरच्या निम्म्या तक्रारी त्या अर्ध्यामुळे.

(या मुंग्यांची कल्पना बिल ॲटकिन्सनची, १९८४ साली मॅकिंटॉशबरोबर आलेल्या मॅकपेंटमधली. कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या एका बारमध्ये बिअरच्या पाटीवर धबधबा वाहताना दाखवला होता, पाणी खरं नाही पण हलतंय असं वाटायचं, ते बघून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. आपल्याकडे लग्नाच्या मांडवावर लायटिंगच्या माळा पळतात ना, तसंच ते.)

बरं, आता कामाला लागू. मी फोटोशॉप धरून सांगतोय कारण आपल्याकडे दुकानांत तेच जास्त, आणि अजून ७.० वर काम करणारे पण खूप आहेत, २००२ चं व्हर्जन पण चालतंय म्हणून चालवतात. गिंप (फोटोशॉपसारखंच फुकट सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

पहिलं: सिलेक्शन सोडून बघा

कंट्रोल डी. बास. मग ब्रश मारून बघा. चालला? तर कुठेतरी जुनं सिलेक्शन पडून होतं, विषय संपला.

पण थांबा, तुम्ही अर्धा तास खपून ते सिलेक्शन केलं असेल तर सोडायच्या आधी 'सिलेक्ट' मेनूत सर्वात खाली 'सेव्ह सिलेक्शन' आहे ते करा, नाव द्या आणि मग सोडा. चुकून सोडलंच तर कंट्रोल शिफ्ट डी ने शेवटचं सिलेक्शन परत येतं. फाइल बंद केली की मात्र न सेव्ह केलेलं सिलेक्शन गेलं म्हणजे गेलं. आणि सेव्ह केलेलं टिकवायचं तर फाइल पीएसडी किंवा टिफ ठेवा, जेपीजीमध्ये ते चॅनल (सेव्ह केलेल्या सिलेक्शनचं काळं-पांढरं चित्र) बसत नाहीत.

सिलेक्शन असून दिसत का नाही याची दोन-तीन कारणं. एक, वर सांगितलं तसं ठिपक्याएवढं आहे किंवा तुम्ही झूम करून बसलाय आणि ते फोटोच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुसरं, कंट्रोल एच दाबलं गेलंय, त्याने मुंग्या लपतात पण सिलेक्शन चालूच राहतं. ही सगळ्यात फसवी गोष्ट. तसंच आपण मराठी टाइप करायला जातो, टाइप टूल घेतलेलं नसतं, आणि बोटं कीबोर्डवर पळत सुटतात, मग प्रत्येक अक्षर शॉर्टकट होऊन बसतं. "मी कशालाच हात लावला नाय" चा उगम बऱ्याचदा इथे आहे. 'व्ह्यू' मेनूत 'शो' मध्ये 'सिलेक्शन एजेस' वर टिक आहे का बघा.

याच झटक्यात दोन फालतू गोष्टी पण बघून घ्या. ब्रशची ओपॅसिटी, कारण ब्रश हातात असताना कीबोर्डवरचा १ दाबला की ती १० टक्के होते आणि वाटतं ब्रश मेला. आणि ब्रशचा गोल जाऊन नुसतं फुलीसारखं चिन्ह दिसत असेल तर कॅप्स लॉक चालू आहे, त्याला आजार म्हणू नका.

दुसरं: कुठल्या लेयरवर उभे आहात

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले काचेसारखे थर. सिलेक्शन सगळ्या फाइलीचं असतं, एका लेयरचं नसतं, पण काम मात्र निवडलेल्या लेयरवरच होतं. हे लक्षात आलं नाही की माणूस वेडा होतो. मुंग्या साहेबांच्या डोक्याभोवती, आणि लेयर निवडलाय "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" वाला. मग कंट्रोल जे मारलं की प्रोग्रॅम म्हणतो निवडलेला भाग रिकामा आहे. त्याचं बरोबरच आहे, त्या लेयरवर त्या जागी काहीच नाही.

लेयरच्या पॅनलमध्ये कुठली पट्टी उजळलीय ते बघा. डोळा चालू आहे का बघा. मग त्या पट्टीत लेयरचं चित्र आणि मास्कचं चित्र (लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं) अशा दोन चौकटी असतील तर बॉर्डर कुणाभोवती आहे ते बघा, मास्कवर असताना काळा ब्रश मारला की फोटो नाहीसा होतो, पांढरा मारला की परत येतो, आणि लाल रंग निवडायला गेलात तर तो करडा होऊन बसतो. कर्व्हज, लेव्हल्सच्या लेयरवर उभं राहून ब्रश मारला तरी तो त्याच्या मास्कवरच जातो.

कुलूप बघा. ट्रान्स्परन्ट पिक्सेलचं कुलूप असेल तर रिकाम्या जागी ब्रश चालणारच नाही, फक्त जिथे आधीच रंग आहे तिथे चालेल. हे तर फॉरवर्ड स्लॅशच्या एका बटणाने चुकून लागतं.

डिलीट दाबल्यावर फिलची खिडकी उघडते ती तुम्ही बॅकग्राउंड लेयरवर असता म्हणून. त्या लेयरला पारदर्शक होताच येत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम विचारतो की भोक पाडता येत नाही, भरू कशाने. जुन्या व्हर्जनला विचारत पण नाही, सरळ बॅकग्राउंडचा रंग भरून मोकळा होतो. लेयरवर डबल क्लिक करून ओके केलं की तो साधा लेयर होतो, मग डिलीट नीट चालेल. स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेयर) किंवा टाइपचा लेयर असेल तर थेट ब्रश, डिलीट चालत नाही, तिथे मास्क लावा. रास्टराइज (साधे पिक्सेल) करता येतं पण मग मूळ गेलं, म्हणून आधी कॉपी काढा.

आणि रेघ हलते, फोटो हलत नाही याचं उत्तर पण इथेच देऊन टाकतो. लॅसो (हाताने रेघ काढून निवडणारं), मार्की, वँड (एका क्लिकवर सारख्या रंगाचा भाग निवडणारं) ही टूल हातात असताना ओढलं की नुसतं सिलेक्शन हलतं, फोटो हलवायचा तर व्ही दाबून मूव्ह टूल घ्या. तसंच कंट्रोल टी ने पिक्सेल लहानमोठे होतात, नुसतं सिलेक्शन लहानमोठं करायचं तर 'ट्रान्सफॉर्म सिलेक्शन' वेगळं आहे. उलटी गंमत पण होते, सिलेक्शन सरकवायचं म्हणून ओढलं आणि साहेबांचं डोकं धडापासून अलग.

तिसरं: क्यू

ब्रशने लालसर पारदर्शक काहीतरी लागतंय आणि खोडरबरने ते निघतंय? वर फाइलच्या नावाशेजारी क्विक मास्क असं लिहिलेलं दिसतंय का? क्यू दाबा, बाहेर या. क्विक मास्क म्हणजे मी वर म्हटलं ते काळं-पांढरं चित्र लाल काचेसारखं समोर आणून ठेवणं. एकदा कळलं की हत्यार भारी आहे, पण नकळत आत गेलं की भूत. त्यात असताना ब्लर किंवा लेव्हल्स मारलं तर ते फोटोवर न होता मास्कवर होतं, आणि बाहेर आल्यावर सिलेक्शन कैच्या कै दिसतं.

चौथं: वरची पट्टी, इथे जरा थांबा

टूल निवडल्यावर वर जी ऑप्शन्सची पट्टी येते तिच्याकडे नवीन पोरं बघतच नाहीत. आणि त्या पट्टीतलं सगळं मागच्या वापरातलं जसंच्या तसं राहतं, काल संध्याकाळी दुसऱ्या ऑपरेटरने काय केलं ते आज सकाळी तुमच्या बोकांडी.

डावीकडे चार छोटे चौकोन असतात, नवीन, मिळवा, वजा करा, आणि दोन्हीत सामाईक तेवढंच ठेवा. चौथा दाबलेला राहिला तर प्रत्येक नवीन सिलेक्शन जुन्याशी छेदून बघितलं जातं, आणि जुनं कुठेतरी लांब असेल तर हाताला शून्य लागतं. तिसरा राहिला तर मिळवायला जाताय तिथे भोक पडतं. पहिला दाबून ठेवा कायम, बाकीची कामं शिफ्ट आणि ऑल्ट धरून करा, बोट उचललं की परत मूळ ठिकाणी.

मग फेदर, म्हणजे सिलेक्शनची कड धूसर करणं. फेदरने माझा जितका वेळ खाल्लाय तितका कुठल्याच गोष्टीने खाल्ला नसेल. लॅसो आणि मार्कीच्या पट्टीत फेदरचा आकडा असतो, तो सिलेक्शन करायच्या आधी टाकायचा असतो, नंतर टाकला तर त्या सिलेक्शनला काही फरक पडत नाही. मग पोरगं म्हणतं फेदर चालत नाय, ५ चे २० करतं, २० चे ५० करतं, आणि तो ५० पुढच्या सिलेक्शनसाठी तसाच पडून राहतो. दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती बारीक सिलेक्शन करायला जातो आणि इशारा येतो की एकही पिक्सेल पन्नास टक्क्यांच्या वर निवडलेला नाही, कड दिसणार नाही. आता कळतंय का काय म्हणतंय ते? इतक्या छोट्या भागाला इतकं धूसर केलं की कुठेच निम्म्याच्या वर निवड उरली नाही, मग मुंग्या फिरणार कुठून. सिलेक्शन आहे, पण ३०-३५ टक्क्यांचं वगैरे. त्यावर रंग भरला तर फिकट धुरासारखा उमटतो.

म्हणून पट्टीत फेदर कायम ० ठेवा, आणि सिलेक्शन झाल्यावर लागेल तसं शिफ्ट एफ ६ ने द्या. जुन्या व्हर्जनला कंट्रोल ऑल्ट डी आहे. फेदर पिक्सेलमध्ये असतं हे पण विसरू नका, ४००० पिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या फोटोला ५ म्हणजे काहीच नाही, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या ६०० पिक्सेलच्या फोटोला ५ म्हणजे साहेबांचे कान विरघळतात.

फेदर असताना डिलीट परत परत दाबू नका. कडेचा जो पिक्सेल ५० टक्के निवडलेला आहे तो पहिल्या डिलीटला निम्मा उरतो, दुसऱ्याला २५ टक्के, तिसऱ्याला साडेबारा. म्हणजे कड आत आत खात जाते. आणि कट करून तिथेच पेस्ट केलं तरी एक फिकी रेघ राहते ती पण याच हिशोबाने, खाली ५० टक्के उरलेलं, वर ५० टक्के ठेवलं, मिळून ७५ होतं, १०० होत नाही. त्यामुळे कट करायचंच कशाला, कंट्रोल जे ने कॉपी काढा.

वँडसाठी टॉलरन्स बघा. तो ० ते २५५ असतो, सुरुवातीला ३२ दिलेला असतो. ज्या पिक्सेलवर क्लिक कराल त्याच्या किमतीच्या दोन्ही बाजूंना तितकं, म्हणजे १०० वर क्लिक केलं आणि ३२ असेल तर साधारण ६८ ते १३२ पर्यंतचं घेतो. आता पांढरी भिंत २३५ आणि पांढरा खादीचा कडक शर्ट २४०, वँड बिचारा काय करणार, त्याला काय माहीत साहेब कोण आणि भिंत कोण. टॉलरन्स कमी-जास्त करत बसू नका, पांढऱ्यावर पांढरं असेल तर सरळ पेन टूल घ्या, हाताने पाथ काढा, कंट्रोल एंटर ने सिलेक्शन करा, आणि पाथच्या पॅनलमध्ये डबल क्लिक करून नाव देऊन ठेवा नाहीतर पुढचा पाथ काढला की हा जातो. दहा मिनिटं लागतात पण एकदाच लागतात.

'कन्टिग्युअस' वर टिक नसेल तर त्या रंगाचे सगळे भाग निवडले जातात, अगदी डोळ्यातलं पांढरं आणि दातसुद्धा. 'सॅम्पल ऑल लेयर्स' वर टिक असेल तर रंग सगळ्या लेयरचा बघतो आणि काम मात्र एकाच लेयरवर, परत तो दुसऱ्या नंबरचा घोळ.

सगळं गुंतलं असेल तर पट्टीच्या डाव्या टोकाला टूलचं चित्र असतं त्यावर राइट क्लिक करून 'रीसेट टूल'. एका टूलचं सगळं मूळपदावर येतं, बाकी कशाला धक्का नाही.

पाचवं: मोड

हे चटकन. जिफ फाइल किंवा कुठूनतरी उतरवलेला लोगो असेल तर तो इंडेक्स्ड कलरमध्ये असू शकतो, तिथे ठरावीक रंगांच्या वर जायची सोय नसते, करड्या कडा, नवीन लेयर, फिल्टर सगळं बंद दिसतं. 'इमेज' मेनूत 'मोड', आरजीबी करा.

सहावं: पांढरी कड

आता मूळ दुखणं. बाकीचं घरातल्या घरात निस्तरतं, हे रस्त्यावर पंधरा फुटांवर लटकतं आणि सगळा गाव बघतो.

आधी कड का येते ते बघा. फोटोत माणूस आणि भिंत यांच्या मधे कात्रीने मारावी अशी रेघ नसते, एक-दोन पिक्सेल असे असतात ज्यात थोडा माणूस आणि थोडी भिंत मिसळलेली असते. भिंत पांढरी असेल तर त्या पिक्सेलमध्ये पांढरं आहेच. तुम्ही कितीही स्वच्छ कापा, ते मिसळलेलं पांढरं बरोबर येतं आणि भगव्या किंवा निळ्या बॅकग्राउंडवर ठेवलं की उठून दिसतं. त्यात जेपीजी फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबला जातो, त्यामुळे कडेजवळ कचरा साचतो, आणि तोच फोटो चार ग्रुपमधून फिरून आला असेल तर विचारू नका. पार्टीला सांगायचं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दर वेळी सांगायचं.

आणि हिशोब करून बघा. साहेबांचा फोटो १००० पिक्सेल उंच आणि फ्लेक्सवर तो १० फूट उभा करायचा. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल झाला ३ मिलिमीटरचा. दोन पिक्सेलची कड असेल तर ६ मिलिमीटरची पांढरी पट्टी, जवळपास पेन्सिलीएवढी जाड. स्क्रीनवर फिट टू स्क्रीन करून बघितलं तर ती दिसणार कशी? १०० टक्के झूमवर बघा, आणि कटआउटच्या खाली एक लेयर घेऊन त्यात भडक रंग भरा. मी पोपटी भरतो, पांढरी काय आणि काळी काय, कुठलीच कड पोपटीवर लपत नाही.

आता उपाय, सोप्यापासून.

सिलेक्शन चालू असतानाच 'सिलेक्ट', 'मॉडिफाय', 'कॉन्ट्रॅक्ट' १ पिक्सेल, मग कापा. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

कापून झालं असेल आणि मास्क नसेल तर 'लेयर' मेनूत तळाला 'मॅटिंग', त्यात 'डीफ्रिंज' १ पिक्सेल. ते कडेच्या पिक्सेलमधला भिंतीचा रंग काढून आतल्या माणसाचा रंग भरतं. मूळ बॅकग्राउंड शुद्ध पांढरं असेल तर तिथेच 'रिमूव्ह व्हाइट मॅट' आहे.

मास्क लावला असेल तर मास्कच्या चित्रावर क्लिक करून 'फिल्टर', 'अदर', 'मिनिमम' १ पिक्सेल. पांढरा भाग एक पिक्सेल आत सरकतो. ७.० मध्ये पण चालतं हे.

याने भागलं नाही तर सिलेक्शन खरं कसं आहे ते डोळ्याने बघा. सेव्ह सिलेक्शन करा, चॅनलच्या पॅनलमध्ये 'अल्फा १' वर क्लिक करा. समोर येतं ते खरं सिलेक्शन. छातीवर करडे डाग दिसतील, म्हणजे तिथून बॅकग्राउंड आरपार दिसणार होतं, मुंग्यांनी सांगितलं नसतं. बॅकग्राउंडला करडा धूर दिसेल, म्हणजे तिथे भिंतीची सावली उरणार होती. डागांवर पांढरा ब्रश मारा, धुरावर काळा मारा, कड फार पसरट असेल तर कंट्रोल एल ने लेव्हल्स उघडून काळं आणि पांढरं दोन्ही टोकं आत ओढा म्हणजे कड आवळते. मग त्या चॅनलच्या चित्रावर कंट्रोल धरून क्लिक केलं की दुरुस्त झालेलं सिलेक्शन हातात. हे एकदा करून बघा म्हणजे पुन्हा मुंग्यांकडे बघून काम करावंसं वाटणार नाही, मी तर शिकवतानाच चॅनलपासून सुरू करतो आता.

केसांसाठी, फेट्याच्या तुऱ्यासाठी, दाढीसाठी नवीन व्हर्जनमध्ये 'सिलेक्ट अँड मास्क' आहे, २०१६ पासून, त्याआधी 'रिफाइन एज' होतं. कडेवर त्यातला ब्रश फिरवा, 'डीकंटॅमिनेट कलर्स' ने केसांत अडकलेला भिंतीचा रंग निघतो. ते खरोखरचे पिक्सेल बदलतं म्हणून नवीन लेयरवरच काढून देतं, मूळ लेयर लपवलेला राहतो, तो उडवू नका. अख्ख्या शर्टावर, खांद्यावर तो ब्रश फिरवायचा नाही, जिथे केस तिथेच.

आणि हे सगळं अख्ख्या फ्लेक्सच्या फाइलीत करू नका. १० बाय २० फूट ७२ च्या रेझोल्यूशनला म्हणजे ८६४० बाय १७२८० पिक्सेल, आरजीबीमध्ये एकच पूर्ण भरलेला लेयर जवळजवळ ४५ कोटी बाइट्स. मग म्हणायचं मशीन हँग होतं. फोटो वेगळ्या फाइलीत कापा, मग ओढून आणा.

सातवं: आता मशीनवर संशय घ्या

इथपर्यंत येऊन पण अडलं असेल तर आधी नवीन कोरी फाइल घ्या, त्यात सिलेक्शन, ब्रश, डिलीट करून बघा. कोऱ्या फाइलीत चालत असेल तर दोष तुमच्या फाइलीत आहे, मागे जाऊन दुसरं आणि चौथं परत बघा. कोऱ्यात पण चालत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'परफॉर्मन्स' मध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढून बंद-चालू करा, मुंग्या अडखळणं, सिलेक्शनच्या जागी काळे चौकोन दिसणं हे बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमुळे असतं. ते पण नाही झालं तर प्रोग्रॅम उघडताना कंट्रोल ऑल्ट शिफ्ट तिन्ही धरून ठेवा, सेटिंग फाइल उडवू का विचारेल, हो म्हणा. त्याआधी तुमच्या ॲक्शन, ब्रश, शॉर्टकट बाजूला सेव्ह करून ठेवा, नंतर मला शिव्या नकोत.

गिंपवाल्यांनो

सिलेक्शन सोडायला कंट्रोल शिफ्ट ए, मुंग्या लपल्या असतील तर कंट्रोल टी, क्विक मास्क शिफ्ट क्यू. डिलीट केल्यावर पारदर्शक न होता पांढरा रंग येतो तर लेयरवर राइट क्लिक करून 'ॲड अल्फा चॅनल' करा, जेपीजी उघडलं की ते नसतंच. गिंपमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते, पिवळ्या तुटक रेघेची, तिच्या बाहेर सिलेक्शन पडतं पण ब्रश चालत नाही, हा तिकडचा सगळ्यात मोठा घोळ, त्याला 'लेयर टू इमेज साइज' करा. २.१० पर्यंत पेस्ट केलं की तरंगतं सिलेक्शन व्हायचं आणि ते अँकर करेपर्यंत दुसरं काहीच करू द्यायचं नाही, मार्च २०२५ मध्ये ३.० आलं त्यात पेस्ट सरळ नवीन लेयर होतो, तेव्हा जमलं तर अपडेट करा. आणि गिंपची एक गोष्ट मला फार आवडते, 'सिलेक्शन एडिटर' नावाची छोटी खिडकी असते, त्यात तुमचं सिलेक्शन काळं-करडं-पांढरं कायम समोर दिसतं, सेव्ह-बिव्ह करायची भानगड नाही.

कुठे थांबायचं

एका डोक्यावर पाऊण तास गेला आणि केस अजून टोपीसारखे दिसतायत, तर थांबा. फोटोच लहान असेल तर केसांची माहिती त्यात मुळातच नाही, कुठलंही टूल ती आणणार नाही. पार्टीला फोन करून दुसरा फोटो मागा, किंवा मूळ ज्या फोटोग्राफरने काढला त्याच्याकडून घ्या. हा फोन करायला लोकांना इतका संकोच का वाटतो कळत नाही.

नवरीची जाळीची ओढणी, काचेच्या बाटल्या, धूर, सोन्याच्या दुकानाच्या कॅटलॉगचे दोनशे दागिने, हे रीटचिंगवाल्याचं काम आहे, त्याला द्या. दर फोटोमागे तो जे घेईल ते तुमच्या तीन रात्रींपेक्षा स्वस्तच पडतं.

स्क्रीनवर १०० टक्के झूमला पोपटीवर कड अजिबात नाही आणि छापल्यावर आली, तर आता सिलेक्शनशी झटू नका, मशीनवाल्या ऑपरेटरशी बोला. त्याला फाइल कशी पाठवली, पीडीएफ करताना लेयर सपाट केले होते का, ते दोघांनी मिळून बघायचं. एकदा सगळं फ्लॅटन करून टिफ पाठवून बघा आणि एक फूट तुकडा छापून घ्या, अख्खा फ्लेक्स वाया घालवण्यापेक्षा बरं.

स्क्रीनवर काळे चौकोन, रेघा इतर प्रोग्रॅममध्ये पण येत असतील तर हार्डवेअरवाल्याला बोलवा. आणि फाइल उघडतानाच अर्धी तुटलेली दिसत असेल तर तिच्यावर सेव्ह दाबायचं नाही. कॉपी काढून ठेवायची आणि डेटा रिकव्हरीवाल्याला विचारायचं.

आणि मला किंवा कुणालाही विचारणार असाल तर मोबाईलने काढलेला तिरका, लाइट चमकलेला फोटो पाठवू नका हो. प्रिंट स्क्रीन दाबा, पूर्ण खिडकी येऊ द्या, फाइलचं नाव दिसणारी वरची पट्टी, टूलची पट्टी, लेयरचं पॅनल, तिन्ही. बरेचदा तेवढ्यावरच कळतं, आणि बरेचदा पाठवणाऱ्यालाच पाठवता पाठवता दिसतं की चौथा चौकोन दाबलेला आहे.